वर्गातल्या आयांची एसआयपी, आणि नववीच्या फीचं काय?

आमच्या लेकीच्या वर्गात ३८ मुलं. म्हणजे वर्षाला ३८ वाढदिवस आणि प्रत्येक वाढदिवसाला ३८ रिटर्न गिफ्टं, तीच ती खोडरबरं, तेच ते चमकीचे पेन, संध्याकाळपर्यंत सोफ्याखाली गेलेले. मुलं दुसरीत असताना आम्ही काही आया गेटपाशी उभ्या राहून हिशोब करत होतो, एका वाढदिवसाचे ६०-७० रुपये गुणिले ३८ म्हणजे अडीच हजार गेले, आणि त्यातून कुणाच्याच मुलाला काही मिळालं नाही. तिथून हे सुरू झालं. आता मुलं पाचवीत आहेत, आमची तेरा घरं आहेत, आणि बऱ्याच जणी विचारतात की तुम्ही नक्की करता काय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

थोडक्यात सांगायचं तर दोन कामं. एक, प्रत्येक घर आपापल्या मुलासाठी दर महिन्याला काहीतरी गुंतवतं (एसआयपी म्हणतात ती हीच, दर महिन्याला फंडात जाणारा ठरावीक हप्ता) आणि बाकीचे त्याला ते थांबवू देत नाहीत. दोन, वर्गातल्या ज्या घरांना महिन्याला दोनशे बाजूला काढणं सुद्धा जड जातं, त्यांच्या मुलांच्या नावावर आम्ही सगळे मिळून थोडी भर घालतो. ऐकायला सोपं वाटतं. पण आधी आम्ही जे चुकीचं करणार होतो तिथून सुरुवात करते, कारण नव्वद टक्के लोक तिथेच पाय घालतात.

पैसे एका भांड्यात ओतायचे नाहीत

आमच्यातल्या एका बाबांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, प्रत्येकाने २० हजार काढा, माझा भाचा शेअर बाजारात आहे, एका डीमॅटवर, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यावर, टाकू, नफा वाटून घेऊ. आम्ही जवळजवळ तयार पण झालो होतो. नशीब एक आई सीए आहे, तिने विचारलं, शेअर कोणाच्या नावावर असतील? भाच्याच्या. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर? त्याच्या वारसांचे. नफ्यावरचा टॅक्स कोण भरणार? शांतता.

आणि नुसती भांडणाची गोष्ट नाहीये ही. चार लोकांकडून पैसे घेऊन "इतके टक्के देतो" म्हणणं हा सरळ सरळ ठेवी गोळा करण्याचा प्रकार होतो, त्याच्यासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदीचा कायदा आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात त्याच्या आधीपासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. दुसऱ्यांचे पैसे गोळा करून बाजारात लावायचे तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेची, परवानगी लागते. भिशीचं म्हणाल तर ती आपल्या हाडामांसात आहे, माझ्या आईने भिशीवर फ्रिज घेतला, पण भिशीला सुद्धा १९८२ चा चिटफंड कायदा आहेच, आणि दहा-बारा वर्षं लांबचं ध्येय भिशीत बसत नाही, आणि भिशी चालवणारी बदली होऊन गेली की काय होतं ते आमच्या जुन्या बिल्डिंगने बघितलंय.

म्हणून आमचा एकच नियम, जो मी कुणालाही सांगेन: सवय एकत्र, पैसा ज्याचा त्याच्या नावावर. एकत्र काय करायचं तर तारीख ठरवायची, एकमेकांना आठवण करायची, फॉर्म भरताना शेजारी बसायचं. पैसा मात्र प्रत्येकाच्या बँकेतून थेट त्या मुलाच्या किंवा त्या आईबापाच्या खात्यात. मध्ये कुणाचा भाचा नाही.

आपल्या मुलांचा भाग

ह्यावर फार लिहीत नाही, माहिती सगळीकडे आहे. पण दोन-तीन गोष्टी ज्या आम्हाला ठेच लागून कळल्या त्या सांगते.

म्युच्युअल फंडात मुलाच्या नावाने फोलिओ, म्हणजे खातं, काढता येतो, पण गार्डियन फक्त आई, बाबा किंवा कोर्टाने नेमलेली व्यक्ती. मावशी, आजोबा चालत नाहीत. जॉइंट होल्डर नाही, नॉमिनी नाही. पैसे आईबाबांच्या खात्यातून भरता येतात पण काढताना ते मुलाच्याच बँक खात्यात जातात, म्हणून आधी मुलाचं बचत खातं उघडून घ्या, नाहीतर ऐन वेळी अडकाल. आणि मूल १८ चं झालं की फोलिओ गोठतो, एसआयपी थांबते, मुलाचं पॅन आणि केवायसी करून "सज्ञान झाला" अशी नोंद केल्याशिवाय काही हलत नाही. त्या दिवसापासून पैसा कायद्याने त्याचा. त्याला इंजिनिअरिंगऐवजी बाइक घ्यायची असेल तर तुम्ही फक्त बघायचं.

म्हणून मी स्वतः लेकीसाठीची एसआयपी माझ्याच नावावर ठेवलीये, तिला नॉमिनी केलंय. टॅक्समध्ये तसाही काही फायदा नाही, कारण अज्ञान मुलाचं उत्पन्न आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. आमच्यातल्या चार घरांनी मुलांच्या नावावर ठेवलीये, त्यांचं म्हणणं की मुलाचं नाव दिसलं की मोडायला हात धजत नाही. ते पण खरं आहे. तुमचा स्वभाव बघून ठरवा.

आकड्यांचं म्हणाल तर महिन्याला २००० रुपये, १० वर्षं, वर्षाला १० टक्के धरले तर साधारण ४ लाख १० हजार होतात, आपण भरलेले असतात २ लाख ४० हजार. हे १० टक्के मी फक्त हिशोबापुरते धरलेत, कुणी लिहून देत नाही.

आता एकत्र असण्याचा फायदा कुठे होतो ते बघा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रुपवर प्रत्येकाने एकच शब्द टाकायचा, "गेला" किंवा "नाही". हप्ता गेला की नाही एवढंच. किती रुपयांचा ते विचारायचं नाही, हा नियम फार महत्त्वाचा आहे, कारण रक्कम आली की तुलना येते आणि तुलना आली की माणसं गप्पपणे ग्रुप सोडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, २६ हजारांच्या वर होता आणि फेब्रुवारी २०२५ संपताना २२ हजारांच्या आसपास आला, तेव्हा आमच्यातल्या तिघांना एसआयपी बंद करायची होती. एकटे असते तर केलीच असती. पण रविवारी "नाही" असं लिहायची लाज वाटते हो माणसाला, तेवढ्यावर ती टिकली. मी पण त्या तिघांतलीच एक, सांगायला हरकत नाही.

आता नववीचं

हा खरा मुद्दा. आपल्याकडे २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांमध्ये सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी आहेत, महाराष्ट्रात दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख. २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळा ह्यातून वगळल्या होत्या, जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. हे बरेच जण पेपरात वाचून असतात. पण ह्या कायद्यातली फी माफी आठवीपर्यंतच असते हे मला तरी माहीत नव्हतं. कायदाच ६ ते १४ वयाचा. म्हणजे जी मुलगी सीनिअर केजीपासून माझ्या लेकीच्या बाकावर बसते, तिच्या आईच्या हातात नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीची पावती येणार. किंवा शाळा बदलायची, ऐन दहावीच्या तोंडावर.

मला हे त्या मुलीच्या आईनेच सांगितलं. गेटवर, रिटर्न गिफ्टच्याच विषयावरून. ती म्हणाली, "ताई तुम्ही अडीच हजार म्हणता, मला नववीचे पन्नास हजार आत्तापासून दिसतात." तिने ते तक्रार म्हणून नाही सांगितलं, हिशोब म्हणून सांगितलं.

एक गोष्ट इथेच लिहिते. कोणती मुलं आरटीईची आहेत ही यादी शाळेकडे मागायला जाऊ नका. शाळेने द्यायची नसते आणि आपण मागायची नसते. गेटवर, व्हॅनच्या रांगेत, पेरेंट्स मीटिंगला बोलणं होत राहतं, ज्यांना यायचं ते आपणहून येतात. आमच्याकडे चार घरं आली: एक रिक्षा चालवणारे बाबा, एक आई पोळ्यांची कामं करते, एक सोसायटीत सिक्युरिटीला, आणि एक आई टेलरिंग करते. चारच का, तर चारच आली. आणखी येतील तेव्हा येतील.

भर कशी घालायची

पहिला नियम: त्यांचा हप्ता आधी, आपला मागून. पूर्ण पैसे आपण भरले की ते देणगी होतं, आणि देणगी घेणारा माणूस मीटिंगला आला तरी कोपऱ्यात बसतो. आमच्याकडे त्या घराने २०० काढायचे, त्यावर आम्ही ३००. असा महिन्याला ५०० चा हप्ता.

हे पैसे कुठे ठेवायचे ह्यावर आमचा बराच वाद झाला. दोघांचं म्हणणं होतं की त्यांच्या मुलांची पण इंडेक्स फंडात (शेअर बाजाराबरोबर वर-खाली होणाऱ्या फंडात) एसआयपी करू, आपल्या मुलांना जे तेच त्यांना. ऐकायला छान आहे, पण मी अडून बसले. नववीला पाचच वर्षं होती. बाजार नेमका त्या वर्षी पडला तर माझं मी सोसेन, पण दोनशे-दोनशे करून साठवलेल्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू की "थांबा, वर येईल"? शिवाय म्युच्युअल फंडात तिसऱ्या माणसाच्या खात्यातून पैसे चालतच नाहीत, आधी त्या आईच्या खात्यात टाकावे लागतात.

शेवटी ठरलं पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव. पाच वर्षांचीच असते, महिन्याला कमीत कमी १०० रुपये, आम्ही काढली तेव्हा व्याज ६.७ टक्के होतं आणि जो दर खातं काढताना असतो तोच पाच वर्षं राहतो. ५०० रुपये महिना म्हणजे भरलेले ३० हजार आणि हातात येणारे साधारण ३५ हजार ७००. आणि वेळ बघा कशी जुळते, तिसरीची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये खातं काढलं की चौथी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी, बरोबर पाच वर्षं, नववीच्या ॲडमिशनच्या आधी पैसे सुटतात. तुमची मुलं तिसरीच्या आसपास असतील तर ह्याच एप्रिलला करा. पहिलीत असतील तर दोन वर्षं बँकेची आरडी करून ती रक्कम ठेवून द्या आणि मग पोस्टाची लावा.

फक्त ३५ हजारात नववी-दहावी दोन्ही निघणार नाही, हे मला माहितीये. पण शाळेत जाऊन "आमच्याकडे अर्धे आहेत, बाकीची सवलत द्या किंवा हप्ते पाडा" म्हणणं आणि रिकाम्या हाताने जाणं ह्यात फरक असतो. आठवीच्या दिवाळीत आम्ही सगळे मिळून शाळेशी बोलणार आहोत. आठवीत एनएमएमएस नावाची स्कॉलरशिपची परीक्षा असते, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, पण ती सरकारी, अनुदानित आणि पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना, आमच्यासारख्या विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या मुलाला नाही. म्हणजे आरटीईचं पोर दोन्हीकडून सुटतं. हा राग मी तीन मीटिंगांत काढून झालाय, इथे नको.

आरडी काढताना तारखेकडे लक्ष द्या. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं काढलं तर पुढचे हप्ते प्रत्येक महिन्याच्या १५ पर्यंत भरायचे, १६ नंतर काढलं तर महिनाअखेरपर्यंत. कामवाल्या बायकांचे पगार कुणी १ ला देतं कुणी १० ला, कुणी "पुढच्या आठवड्यात देते गं" म्हणतं. म्हणून आम्ही चारही खाती मुद्दाम १६ नंतर काढली, म्हणजे पूर्ण महिना हाताशी राहतो. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, मग ते दोन महिन्यांच्या आत चालू करून घ्यावं लागतं. रिक्षावाल्या दादांचे पावसाळ्यात इंजिनचं काम निघाल्यामुळे दोन चुकले होते, ते सामायिक पैशातून भरले आणि त्यांनी दिवाळीनंतर परत टाकले. वर्षभर, म्हणजे बारा हप्ते, भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज पण मिळतं आरडीवर, हे त्या घरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अडचण आली की लोक खातं मोडायला जातात. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि नंतर मुदतीआधी मोडलं तर व्याज बचत खात्याचंच मिळतं.

खात्याला गार्डियन आईच असावी असं आमचं मत. बाबा चांगलेच आहेत हो सगळे, पण वही आईकडे असते.

मुलगी असेल तर आणखी एक, आणि उशीर करू नका

सुकन्या समृद्धी, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं, खातं मुलीच्या दहाव्या वाढदिवसाच्या आत काढावं लागतं. दहावा झाला की संपलं. तिसरी-चौथीतल्या मुली आठ-नऊ वर्षांच्या असतात, म्हणजे वेळ अगदी थोडा. २५० रुपयांत खातं निघतं आणि वर्षाला २५० टाकले तरी जिवंत राहतं, एखाद्या वर्षी नाही टाकले तर ५० रुपये दंड. १५ वर्षं भरायचे, खातं काढल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण. व्याज दर तीन महिन्यांनी सरकार ठरवतं, २०२४ च्या जानेवारीपासून ते ८.२ टक्के झालं. तोच दर कायम धरला तर महिना हजार रुपये टाकणाऱ्याला १ लाख ८० हजाराचे साडेपाच लाखांच्या आसपास होतात.

पण ह्यातून नववीची फी भरता येत नाही. मुलगी दहावी पास झाली किंवा १८ ची झाली की मगच शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. म्हणून आरडी नववीसाठी आणि सुकन्या कॉलेजसाठी, असं आम्ही डोक्यात ठेवलंय. चार घरांत तीन मुली, तिघींची खाती एका दुपारी काढली, तिथल्या काउंटरवरच्या माणसाला वाटलं आमची बसच आलीये. एका घरात दोनच मुलींची खाती निघतात, जुळ्यांची गोष्ट वेगळी.

टेलर ताईंची धाकटी २०२३ च्या ऑगस्टची. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेत जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार असे टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार मिळतात. अर्ज अंगणवाडीत करायचा. त्यांना माहीतच नव्हतं. आपल्याकडे बरेचदा पैशांपेक्षा ही माहितीच पोचत नाही, त्यामुळे ग्रुपमधल्या एकीने फक्त योजनांवर नजर ठेवायची असं काम वाटून दिलंय.

सगळ्याच्या आधी ४५६ रुपये

हे खरं तर मी वर लिहायला हवं होतं. कमावता माणूस गेला तर आरडीचं काय घेऊन बसलात. दोन सरकारी विमा योजना आहेत. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, कशानेही मृत्यू झाला तरी २ लाख. सुरक्षा विम्याचे २० रुपये, वय १८ ते ७०, अपघातासाठी २ लाख. दोन्ही मिळून ४५६. बँकेत किंवा पोस्टात ज्या खात्यात पैसे असतात तिथेच फॉर्म भरायचा. वर्ष १ जून ते ३१ मे असं असतं आणि पैसे मे महिन्याच्या शेवटाला खात्यातून आपोआप कापले जातात, फक्त तेव्हा खात्यात तेवढे शिल्लक हवेत. इथेच गोची होते, कारण मेमध्ये माणसं गावाला जातात, खातं रिकामं असतं, विमा गुपचूप बंद पडतो आणि कुणाला कळत नाही. आम्ही २० मेला चारही घरांतल्या दोघा-दोघांच्या खात्यात ४५६ टाकतो, आठ जणांचे ३,६४८. कापल्याचा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट बायकोच्या फोनमध्ये ठेवायचा, कारण क्लेम तिलाच करायचा असतो. नवीन घेतल्यावर पहिले ३० दिवस जीवन ज्योतीत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत, म्हणून एकदा घेतलेला बंद पडू द्यायचा नाही.

पैसे येतात कुठून आणि राहतात कुठे

रिटर्न गिफ्ट बंद. ती चार सोडून उरलेली नऊ घरं, प्रत्येकी वर्षाला २,५००, झाले २२,५००. त्यातून चार मुलांचे महिना ३०० प्रमाणे १४,४००. विम्याचे ३,६४८. उरतात ४,४५२, ते दंड, चुकलेले हप्ते, सुकन्याचे अडीचशे ह्यासाठी. बस, एवढंच आहे सगळं. कुणी लाखो रुपये दिलेले नाहीत.

पहिल्या वर्षी हे पैसे माझ्या पगाराच्या खात्यात होते आणि मी माती खाल्ली. किराणा, लाइट बिल, ग्रुपचे पैसे सगळं एकत्र, नोव्हेंबरमध्ये पोळीवाल्या ताईंनी साधं विचारलं की शिल्लक किती, आणि मला सांगता आलं नाही. पैसे होते सगळे, एक रुपया इकडचा तिकडे नव्हता, पण मला सांगता आलं नाही, तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्यानंतर वेगळं जॉइंट बचत खातं काढलं, तिघांच्या नावाने, पैसे काढायला दोघांच्या सह्या. तिघांपैकी एक त्या पोळीवाल्या ताईच. त्या गेली सात वर्षं वस्तीतल्या बचत गटाच्या खजिनदार आहेत, त्यांची वही बघून आमच्या सीए बाईंनी पण मान डोलावली. हिशोब आता त्याच ठेवतात, आणि आमच्यातल्या एका आयटीवाल्या बाबांचा वाढदिवसाचा हप्ता राहिला होता तेव्हा त्यांनी त्याला सरळ फोन लावला.

ह्या खात्यातून पैसे थेट आईच्या बँक खात्यात, तिथून ती आरडी भरते, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं असेल तर ॲपमधूनच भरता येते. टॅक्सचं एक लक्षात ठेवा: नातेवाईक नसलेल्यांकडून एखाद्याला वर्षात मिळून ५० हजारांच्या वर भेट मिळाली तर ती त्याच्या उत्पन्नात धरली जाते. आमचे घराला साडेचार हजार, काही प्रश्न नाही. पण कुणी मोठी रक्कम द्यायला निघालं तर आधी हे बघा. आणि बाहेरच्या लोकांकडून पैसे मागायला सुरुवात करायची असेल तर मग ट्रस्ट, धर्मादाय आयुक्त, ऑडिट हे सगळं नीट करावं लागतं. एका कंपनीतून विचारणा आली होती, आम्ही नको म्हटलं. वर्गापुरतं आहे तोवर वहीत मावतं.

बारीकसारीक पण महत्त्वाचं

ग्रुपवर "मदत" हा शब्द वापरायचा नाही. सगळ्यांचाच हप्ता, सगळ्यांचंच "गेला" किंवा "नाही". कोणाच्या हप्त्यात भर आहे ते फक्त सह्या करणाऱ्या तिघांना माहीत, निदान कागदावर तरी, बाकी लोक तर्क करतातच. फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, पासबुक हातात धरलेल्या मुलाचा तर अजिबात नाही. एका आईने पहिल्या वर्षी टाकला होता, कौतुकानेच, पण दुसऱ्या दिवशी ते पोरगं शाळेत आलं नाही.

मुलांना काय सांगायचं? आम्ही एवढंच सांगितलंय की वर्गात आता वाढदिवसाला गिफ्ट नाही, फक्त चॉकलेट. माझी लेक आठवडाभर रुसली होती, मग विसरली.

कुणी शाळा सोडून गेलं तर? आरडी त्या मुलाची आहे, शाळेची नाही. सिक्युरिटीवाल्या दादांचं कुटुंब कदाचित पुढच्या वर्षी गावी परत जाईल, तर खातं तिथल्या पोस्टात ट्रान्सफर होतं आणि आमचे ३०० चालूच राहणार, असं ठरलंय. ह्यावर मतदान घ्यावं लागलं, सात विरुद्ध पाच, एक जण गैरहजर.

आणि उलटं, त्यांनी दोनशे टाकणं थांबवलं तर? तीन महिने वाट बघायची, घरी जाऊन चहा प्यायचा, कारण विचारायचं. अजून अशी वेळ आलेली नाही. दोन वर्षांत "नाही" सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय ते आमच्या नऊ घरांपैकी एकाने, कोण ते सांगत नाही.

पोस्टात जाताना मुलाचा जन्मदाखला, आईचं आधार, पॅन असेल तर पॅन, दोघांचे दोन-दोन फोटो, आणि सगळ्यांच्या दोन झेरॉक्स. सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनवाल्या आजी-आजोबांची रांग असते. आणि स्वतःचं पेन न्या, काउंटरवरचं दोरीला बांधलेलं असतं आणि चालत नसतं.